जमाव सरकारचा, खर्च घराचा

आठव्या शतकातल्या जपानी कायद्यात घरात बाळगायला बंदी असलेल्या वस्तूंची एक यादी आहे. रणनगारा, काशाची थाळी, यंत्रधनुष्य, दोन जातींचे भाले, घोड्याचे चिलखत, मोठे आणि लहान रणशिंग, लष्करी निशाण. शेवटी एक सवलत आहे: गाण्याबजावण्याचा ढोल असेल तर हरकत नाही. यादीत तलवार नाही, साधे धनुष्यही नाही.

शस्त्रबंदीचा कायदा म्हणावा तर माणूस मारायची नेहमीची दोन हत्यारे मोकळी सुटली आहेत, आणि ज्याने कुणाला ओरखडाही उठणार नाही ते निशाण मात्र बंद. पण यादी करणाऱ्याच्या डोळ्यांपुढे एकटा माणूस नव्हता. तलवारीने एखाददुसरा मारता येतो. नगारा, शिंग आणि निशाण हाती असले की हजार माणसे एका जागी आणून एका दिशेने चालवता येतात. त्याच प्रकरणातले दुसरे एक कलम सांगते की २० किंवा अधिक शिपाई कुठेही धाडायचे असतील तर सम्राटाचा हुकूम आणि त्याची खूण आल्याशिवाय धाडू नयेत. दोन्ही कलमे शेजारी ठेवली की सरकारचा रोख कळतो. धास्ती हत्याराची नव्हती, जमावाची होती.

ही कलमे योरो संहितेच्या लष्करविषयक प्रकरणातली. त्यात एकूण ७६ कलमे आहेत. ही संहिता ७१८ च्या सुमारास रचली गेली आणि ७५७ मध्ये अमलात आली. तिच्या आधीची, ७०१ ची ताइहो संहिता मूळ रूपात उरलेली नाही. तिची कलमे बहुतांशी अशीच असावीत असे अभ्यासक मानतात. योरोच्या या प्रकरणाचा मजकूर आपल्यापर्यंत पोचला तो मुख्यतः ८३३ मध्ये पूर्ण झालेल्या सरकारी भाष्यातून. शिवाय दोन्ही संहितांचा साचा तांग चीनचा. तेव्हा पहिली शंका हीच घ्यायला हवी की हे सगळे चिनी कायद्याची नक्कल म्हणून तर लिहिले गेले नाही?

या शंकेला ‘निहोन शोकी’ हा ७२० मध्ये सिद्ध झालेला राजवृत्तान्त उत्तर देतो. ६८५ सालच्या नोंदीत सम्राट तेन्मूचा हुकूम आहे: शिंगे, नगारे, बासऱ्या, निशाणे, यंत्रधनुष्ये आणि दगडफेकीची यंत्रे खाजगी घरांत ठेवू नयेत, जिल्ह्याच्या कचेरीत जमा करावीत. म्हणजे ताइहो संहितेच्या सोळा वर्षे आधीच ही बंदी जपानी मातीत उभी होती. आणि ती घालणारा राजा साधा नव्हता. ६७२ मध्ये योशिनोच्या डोंगरातून तो निघाला तेव्हा त्याच्याबरोबर विसेक पुरुष अनुयायी आणि काही स्त्रिया होत्या. वाटेत पूर्वेकडच्या प्रांतांची फौज गोळा करून त्याने पुतण्याच्या हातून गादी घेतली. माणसे जमवता आली तर काय होते, हे त्याच्याइतके कुणाला ठाऊक असणार?

जमवण्याचा हा हक्क ज्या खात्याच्या दप्तरात बंद झाला ते ह्योबुशो, म्हणजे लष्करी कारभाराचे मंत्रालय. राजधानीतल्या आठ मंत्रालयांपैकी हे एक. कायद्यात त्याच्या प्रमुखाची कामे सांगितली आहेत: लष्करी अधिकाऱ्यांच्या नेमणुका व बढत्या, शिपायांच्या नावांचे पट, शिपाई धाडणे, हत्यारे, मिरवणुकीची शस्त्रे, तटबंदी, इशाऱ्याच्या आगट्या. हाताखाली पाच कचेऱ्या: घोडे, शस्त्रनिर्मिती, जहाजे, शिकारी ससाणे आणि नगारे-शिंगे. लोकांच्या घरातून काढून घेतलेले वाद्य वाजवायला सरकारने स्वतःची स्वतंत्र कचेरी ठेवली होती.

मंत्रालयाचा कारभार कागदावर चाले. प्रत्येक प्रांताने शिपायांचा नाववार पट दोन प्रतींत करायचा. कोण मोहिमेवर, कोण पहाऱ्यावर, कोण दूरच्या कामगिरीवर, हे प्रत्येक नावापुढे लिहायचे आणि माणसाची सांपत्तिक प्रतही नोंदवायची: वरची, मधली की खालची. एक प्रत प्रांतात ठेवायची, दुसरी दरवर्षी राजधानीला जाणाऱ्या अधिकाऱ्याबरोबर मंत्रालयाला पाठवायची. हे कागद खरोखर हलत होते याचा दाखला इझुमो प्रांताच्या ७३४ च्या आवक-जावक नोंदवहीत मिळतो. तिच्या उरलेल्या तुकड्यांत मंत्रालयाशी झालेला पत्रव्यवहार आहे आणि समुद्रापलीकडच्या ओकी बेटाशी आगट्या पेटवून इशाऱ्याची चाचणी घेण्याबद्दलचा मजकूरही आहे.

पटावरचा माणूस कुठून येई? नियम असा: एका कुटुंबात २१ ते ६० वयाचे जितके धडधाकट पुरुष असतील त्यांच्यातून दर तिघांमागे एक घ्यावा. अशा हजार जणांचे एक पथक. त्यात दोनशेंवर, शंभरांवर आणि पन्नासांवर एकेक नायक. सगळ्यात खाली दहा जणांची चूल. एका चुलीला सहा ओझ्याची घोडी. ७०४ च्या हुकुमानुसार पथकाचे दहा वाटे पाडून प्रत्येकाने दहा दिवस कवायत करायची, म्हणजे शंभर दिवसांनी पुन्हा पाळी. कायद्याबाहेरच्या कामाला शिपायांना जुंपू नये, असेही त्या हुकुमात बजावले होते.

आता सामानाची यादी पाहू. माणशी एक धनुष्य, प्रत्यंचेची पिशवी, दोन जादा प्रत्यंचा, ५० बाण, एक भाता, एक तलवार, एक सुरी, धार लावायचा एक दगड, लव्हाळ्याची टोपी, भाताची पिशवी, पाण्याचे भांडे, मिठाचे भांडे, पोटऱ्यांना गुंडाळायची पट्टी आणि पादत्राणांचा जोड. दहा जणांच्या चुलीला मिळून निळ्या कापडाचा तंबू, तांब्याचे भांडे, कढई, कुदळ, गवत कापायची कात्री, कुऱ्हाडी, छिन्नी, दोन विळे, एक चिमटा. पन्नास जणांमागे आग पाडायचे साधन आणि एक करवत. याशिवाय प्रत्येकाने सहा मापे शिजवून वाळवलेला भात आणि त्याहून लहान मापाने दोन मापे मीठ सरकारी कोठारात जमा करायचे. भरणा अकराव्या महिन्याच्या पहिल्या तारखेपासून बाराव्या महिन्याच्या अखेरीपर्यंत. साठा जुना होऊन खराब झाला तर ज्याचा त्याने बदलून द्यायचा. कोठारावर पाळीतले दोघे राखणीला, आणि त्या दोघांना दुसरे काम सांगायचे नाही.

या यादीपुढे कायदा एक वाक्य लिहितो: हे सगळे शिपायाने स्वतः आणावे, काही कमी पडू देऊ नये. बंदीच्या यादीत तलवार आणि धनुष्य का नाहीत याचे अर्धे उत्तर या वाक्यात आहे. ती हत्यारे घरांकडून हवी होती. कोठारात वर्षानुवर्षे पडून राहणारा भातही घरच्याच शेतातला. शिपायाला श्रमाच्या करात सूट होती हे खरे, पण शेतातून एक कमावता गडी काढून घेतल्यावर सूट किती पुरी पडणार?

घरांची बाजू दाखवणारा सर्वांत जुना कागद ७०२ चा आहे: मिनो प्रांतातले, आजच्या गिफू भागातले कुटुंबनोंदीचे पट. कायद्याने दर सहा वर्षांनी हे पट नवे करायचे आणि ३० वर्षे ठेवायचे. मुदत संपली की रद्दी. तोदाइजी मंदिराच्या पोथ्या नकलणाऱ्या कचेरीने या रद्दीची कोरी बाजू हिशेबाला वापरली, आणि ते हिशेब नारा येथील शोसोइन या भांडारात राहिले म्हणून पाठची बाजू वाचली. मिनोच्या पटात कुटुंबाच्या शिरोभागी माणसांची बेरीज असते, तीत धडधाकट पुरुष किती आणि पैकी शिपाई किती हेही असते. बऱ्याच मोठ्या घरांपुढे आकडा एकच आहे: शिपाई एक. तिघांमागे एक हे कायद्याचे गणित. कारकुनाचे गणित घरटी एक असे दिसते. काही अभ्यासकांनी या आकड्यांवरून घर हेच भरतीचे खरे एकक होते असा निष्कर्ष काढला आहे आणि तो पटण्यासारखा आहे.

सर्वांत जड पाळी साकिमोरींची, म्हणजे पश्चिम सरहद्दीच्या पहारेकऱ्यांची. ६६३ मध्ये कोरियात हाकुसोन नदीच्या मुखाशी तांग आणि सिल्ला यांच्या आरमाराने जपानचा पराभव केला. दुसऱ्याच वर्षी त्सुशिमा, इकी आणि उत्तर क्यूशू इथे पहारेकरी बसवले, आगट्या उभारल्या. हे पहारेकरी पुढे बहुतांशी देशाच्या दुसऱ्या टोकाहून, पूर्वेच्या प्रांतांतून येत. मुदत तीन वर्षे, प्रवासाचे दिवस त्यात धरायचे नाहीत. नानिवा बंदरापर्यंत, म्हणजे आजच्या ओसाकापर्यंत, शिधा घरचा. तिथून जहाज सुटल्या दिवसापासून सरकारी. पूर्वेकडच्या मुसाशी प्रांतातून राजधानीपर्यंत करमाल न्यायला २९ दिवस धरावेत असे ९२७ च्या एंगिशिकी या नियमसंग्रहात आहे, त्यावरून घरच्या शिध्याचे ओझे किती ते समजते. तळावर दहा दिवसांनी एक सुट्टी. भाजीपाला पिकवायला आसपासची पडीक जमीन आणि सरकारी बैल. नोकर, गुलाम किंवा गुरेघोडी बरोबर न्यायची असतील तर न्यावीत, असेही कलम आहे.

या कलमांचे जमिनीवर काय झाले ते सुरुगा प्रांताच्या, आजच्या शिझुओका भागाच्या ७३८ च्या हिशेबवहीत दिसते. ‘शोकु निहोंगी’ हा राजवृत्तान्त सांगतो की ७३७ च्या नवव्या महिन्यात क्यूशूतल्या साकिमोरींना गावी परत पाठवायचा निर्णय झाला. ते साल देवीच्या साथीचे. सत्तेत असलेले चारही फुजिवारा भाऊ त्याच वर्षी दगावले होते. पुढच्या वर्षी सुरुगाने परतीच्या साकिमोरींना वाटेत शिधा दिल्याची नोंद केली: इझू २२, काइ ३९, सागामी २३०, आवा ३३, काझुसा २२३, शिमोसा २७०, हिताची २६५. बेरीज १,०८२. वृत्तान्तातला हुकूम आणि प्रांताचा खर्च एकमेकांना असे जुळतात. यादीत मुसाशी नाही, शिनानो नाही, कोझुके नाही, शिमोत्सुके नाही. कारण साधे आहे. हे प्रांत डोंगरी राजमार्गावरचे. मुसाशी किनारी मार्गाला जोडला गेला तो ७७१ मध्ये. त्यांची माणसे सुरुगातून जायचीच नव्हती. म्हणजे १,०८२ हा एकाच रस्त्याचा आकडा.

पुढे पूर्वेकडची भरती पुन्हा सुरू झाली. ७५४ च्या चौथ्या महिन्यात ओतोमो नो याकामोची हा कवी ह्योबुशोचा कनिष्ठ उपमंत्री झाला. पुढच्या वर्षी दुसऱ्या महिन्यात तो नानिवाला साकिमोरींच्या तुकड्या ताब्यात घेऊन जहाजावर चढवायच्या कामावर होता. प्रत्येक तुकडीबरोबर आलेल्या अधिकाऱ्याकडून त्याने शिपायांच्या कविता मागवल्या. त्या ‘मान्योशू’ या काव्यसंग्रहाच्या विसाव्या खंडात आहेत. इथे कवितांइतक्याच त्यांना जोडलेल्या टिपा महत्त्वाच्या आहेत, कारण त्या सरकारी नोंदीच्या चालीत लिहिल्या आहेत: तारीख, प्रांत, तुकडी आणणाऱ्याचे पद, आलेल्या कविता, आणि निकृष्ट म्हणून न घेतलेल्या सोडून उरलेल्या. सहाव्या तारखेला तोतोमी, १८ पैकी ७. मग सागामी, ८ पैकी ३. काझुसा, १९ पैकी १३. शिमोसा, २२ पैकी ११. बाविसाव्या तारखेला शिनानो, १२ पैकी ३. त्यांना आणणारा अधिकारी वाटेत आजारी पडला, पोचलाच नाही. शेवटी मुसाशी, २० पैकी १२. दहा प्रांतांची बेरीज केली तर १६६ पैकी ८४.

कवींच्या नावांपुढे जिल्हा आहे आणि हुद्दा आहे. कुणी दहांच्या चुलीचा नायक, कुणी कारकुनी करणारा. कायद्यातली दहाची चूल इथे जिवंत माणसांच्या नावासकट भेटते. मुसाशीच्या भागात शिपायांच्या बायकांच्याही कविता आहेत. तोशिमा जिल्ह्यातल्या एकीची तक्रार अशी की तांबडा घोडा डोंगरात चरायला सोडलेला, तो काही हाती लागला नाही, आता नवऱ्याला तामाच्या डोंगरओळी पायी ओलांडाव्या लागणार. घोडे न्यायला मुभा देणारे कलम आणि ही बाई यांची गाठ बहुधा कायदा लिहिणाऱ्याला सुचली नसेल. मुभा सरकारची, घोडा मात्र घरचा. तो सापडला नाही तर चालायचे.

ज्याच्या हाताखाली याकामोची काम करत होता तो मंत्री ताचिबाना नो नारामारो. ७५५ च्या पाचव्या महिन्यात त्याच्या घरी मेजवानी झाल्याची टीप ‘मान्योशू’तच आहे, तीत त्याचे पद स्पष्ट दिले आहे. सत्ता हळूहळू फुजिवारा नो नाकामारोच्या मुठीत जात होती. ७५७ च्या सहाव्या महिन्याच्या ९ तारखेला पाच कलमांचा हुकूम निघाला: घराण्यांच्या प्रमुखांनी परवानगीवाचून आपली माणसे गोळा करू नयेत, खाजगी घोडी ठरल्यापेक्षा जास्त नसावीत, हत्यारे कायद्याच्या मर्यादेत असावीत, लष्करी अधिकाऱ्यांखेरीज कुणी राजधानीत हत्यार घेऊन फिरू नये, २० किंवा अधिक स्वारांनी शहरात एकत्र जाऊ नये. पुन्हा तोच आकडा, पुन्हा तीच जमावाची भीती. फरक इतकाच की आधीचा कायदा गावातल्या घरांकडे बघत होता, हा हुकूम राजधानीतल्या वाड्यांकडे.

आठवड्याने, १६ तारखेला, फेरबदल झाला. नारामारोला मंत्रालयातून हलवून दुसऱ्या पदावर नेमले. याकामोचीला ज्येष्ठ उपमंत्री केले. महिनाअखेरीस नारामारो आणि त्याचे साथीदार रात्री राज्यकारभाराच्या मुख्य कचेरीच्या अंगणात जमले. चारी दिशांना वंदन करून, मिठाचे पाणी पिऊन त्यांनी शपथ घेतली: सातव्या महिन्याच्या दुसऱ्या तारखेला काळोख पडताच शिपाई उठवून नाकामारोचे घर वेढायचे. बातमी फुटली. जबानीत नारामारोने राज्यकारभाराने आणि तोदाइजीच्या बांधकामाने लोक पिडले असल्याचे कारण सांगितले. ते काम तुझ्याच बापाच्या कारकिर्दीत सुरू झाले, असे चौकशी करणाऱ्याने सुनावले. पुढे त्याचे काय झाले याबद्दल ‘शोकु निहोंगी’ गप्प आहे. त्याचे कट करणारे मित्र मात्र कोठडीत मार खाऊन मेल्याचे तो सांगतो. इतकी वर्षे खेडोपाडी जमावाची साधने शोधणाऱ्या व्यवस्थेला खरा जमाव भेटला तो तिच्याच मुख्य कचेरीच्या अंगणात, तिच्याच माजी मंत्र्याभोवती.

त्याच वर्षी अधिक आठव्या महिन्यात पूर्वेकडून साकिमोरी आणणे बंद झाले; त्यांच्या जागी क्यूशूच्या सात प्रांतांतून १,००० शिपाई घ्यायचे ठरले. हुकुमात दिलेली दोन कारणे अशी: वाटेवरच्या प्रांतांना शिध्याचा भार सोसत नाही, आणि साकिमोरींचा घरधंदा बुडतो. सुरुगाच्या हिशेबवहीने १९ वर्षे आधी पहिले कारण आकड्यांत लिहून ठेवले होतेच.

बाकीची पथके पुढे आतून पोखरत गेली. ७८० मध्ये राज्यमंडळाने कबूल केले की प्रांताधिकारी आणि पथकांचे नायक शिपायांना खाजगी कामाला लावतात. त्यांना धनुष्य आणि घोडा येत नाही, येते ते सरपण गोळा करणे आणि गवत कापणे. ७०४ ची ताकीद कागदावरच राहिली होती. ७९२ मध्ये सरहद्दीचे प्रांत आणि क्यूशूचा कारभार पाहणाऱ्या दाझाइफू या कचेरीच्या अखत्यारीतला भाग सोडून सगळीकडची शिपाईभरती रद्द झाली. जागी आले कोंदेइ, म्हणजे जिल्हाधिकाऱ्यांच्या घरांतले तरुण. ज्या घरांना घोडा आणि धनुष्य परवडत होते त्याच घरांकडे राज्याने पहारा सोपवला. क्यूशूत जुनी पथके आणखी काही वर्षे टिकली. ८२६ मध्ये दाझाइफूनेही ती बंद करायची मागणी केली. त्या अर्जात लिहिले आहे की शिपाई गुलामासारखा झाला आहे आणि एक माणूस निवडला की त्याच्यामागे अख्खे घर बुडते. पटावर नाव एका माणसाचे असे, पण सरकारी अधिकाऱ्यांनाही शेवटी हिशेब घराचाच मांडावा लागला.

हजार वर्षांनी, १८६९ मध्ये, मेइजी सरकारने ह्योबुशो हेच नाव पुन्हा काढले. १८७२ मध्ये त्याची भूदल आणि नौदल अशी दोन मंत्रालये झाली. १८७३ मध्ये सक्तीची लष्करभरती आली आणि १८७६ मध्ये सर्वसाधारण माणसाला कमरेला तलवार लावायची बंदी झाली. जुन्या सरकारला घरातली तलवार चालत होती, कारण ती घराच्या खर्चाने त्याच्याच कामी येई. नव्या सरकारने बंदूक आणि गणवेश स्वतः दिला, मग रस्त्यावरच्या तलवारीची त्याला गरज उरली नाही. पण घर त्यालाही ओलांडता आले नाही. भरतीच्या पहिल्या कायद्यात कुटुंबप्रमुख, वारस, एकुलता एक मुलगा आणि २७० येन भरू शकणारा यांना सूट द्यावी लागली. तरीही त्या वर्षी ओकायामाच्या उत्तरेकडच्या मिमासाका भागात शेतकरी भरतीविरुद्ध उठले.